दार बोटभर उघडं

मी भुताचे पिक्चर फारसे बघत नाही, पण भुताच्या पिक्चरचा ट्रेलर मात्र एकही सोडत नाही. घरात यावरून माझी यथेच्छ चेष्टा होते. "अख्खा पिक्चर बघायची छाती नाही, आणि रात्री बारा वाजता हे कसलं बघत बसलाय," असं बायको म्हणते. छातीचा प्रश्न नाही. पिक्चर बघितला की माझा बहुतेक वेळा हिरमोड होतो. दोन तासांत भूत कधीतरी दाखवावंच लागतं, आणि दाखवलं की तो मेकअप केलेला माणूस असल्याचं कळतं. मग त्या भुताला कारण द्यावं लागतं, त्याच्यावर कुणी अन्याय केला ते सांगावं लागतं, शेवटी मांत्रिक नाहीतर पाद्री बोलवावा लागतो. ट्रेलरवर यातली एकही जबाबदारी नाही. त्यानं कडी हलवायची, दार बोटभर उघडायचं आणि रिलीजची तारीख सांगून निघून जायचं.

आमच्या कोल्हापूरच्या खासबागेत कुस्त्या बघितलेल्यांना मी एका वाक्यात सांगतो: ट्रेलर म्हणजे नुसती खडाखडी. दोघं मल्ल वाकून एकमेकांचं मनगट चाचपतायत, मान ओढून बघतायत, आणि अख्खं मैदान पुढं झुकलंय. कुस्ती लागायच्या आत पडदा.

माझा धंदा व्हिडिओ एडिटिंगचा. राजारामपुरीत जिन्याखालची एक खोली, एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर. बहुतेक काम लग्नाचं: हळद, अक्षता, पाठवणी, मग सगळ्यांचे ग्रुप फोटो. त्यात भीतीला वाव नाही (काही वरमाया सोडल्या तर). पण कापाकापीची सवय लागली की दुसऱ्याच्या कापाकापीकडं लक्ष जातंच, आणि माझ्या मते सध्या सगळ्यात काटेकोर कात्री चालते ती भयपटाच्या ट्रेलरमध्ये. लग्नाच्या व्हिडिओत पाच फ्रेम (म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग) इकडं-तिकडं झाल्या तर कुणाच्या बापाला कळत नाही. इथं पाच फ्रेम चुकल्या की माणूस घाबरायच्या ऐवजी हसतो.

या गावाला पिक्चरच्या जाहिरातीची परंपरा जुनी आहे. बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवायचे. पुढं त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि स्वतःच्या सिनेमांची पोस्टरंही स्वतःच रंगवली. 1920 साली त्यांचा 'सैरंध्री' आला. त्यातला कीचकवध इतका अंगावर येणारा होता की तो पुढं कापावा लागला, असं सांगतात. म्हणजे पडद्यावर किती दाखवावं आणि कुठं थांबावं, हा वाद कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाला होता.

आमच्या लहानपणी ट्रेलर बघायला थेटरात जावं लागायचं, आणि थेटरात जायला पैसे लागायचे. फुकट होत्या त्या बाहेरच्या काचेच्या पेट्या. टॉकीजच्या व्हरांड्यात पिक्चरचे फोटो टाचणीनं लावलेले असायचे. त्यातल्या बऱ्याच टॉकीजची आता नावंच उरलीत. व्हीनस कॉर्नर, उमा टॉकीज चौक, पार्वती टॉकीजचा सिग्नल, असं रिक्षावाल्याला सांगितलं की कळतं, एवढंच. भुताच्या पिक्चरवर 'केवळ प्रौढांसाठी' असा शिक्का असल्यामुळं आम्हाला आत प्रवेश नव्हता. मग शाळेतनं परत येताना आम्ही त्या पेटीसमोर उभे राहायचो. एका फोटोत हवेली, एकात कंदील घेतलेला म्हातारा, एकात जमिनीतनं वर आलेला हात. क्रम कसलाच नाही. म्हातारा त्या हाताचा मालक आहे की त्या हातापासून पळतोय, हे आम्ही आपापसांत ठरवायचो, आणि रोज नवी गोष्ट व्हायची. पुढं मोठेपणी त्यातले एक-दोन पिक्चर टीव्हीवर बघितले. आमच्या गोष्टी बऱ्या होत्या.

तीच पेटी आता फोनमध्ये आली, हलायला लागली आणि तिला आवाज फुटला. आणि सगळा फरक त्या आवाजानंच पडला.

याची खात्री मी घरच्या घरी करून घेतली. आमच्या आत्तीला ऐकू चांगलं येतं, पण नजर अधू झालीय. एकदा हॉलमध्ये आवाज बंद करून मी एक गाजलेला ट्रेलर टीव्हीवर लावला. ती जवळ येऊन बसली, पांढऱ्या डोळ्यांची बाई बघितली आणि म्हणाली, "हिला मोतीबिंदू झालाय का रं?" नंतर एका संध्याकाळी तोच ट्रेलर आतल्या खोलीत, नुसता आवाज, मी चालू ठेवला. आत्ती स्वयंपाकघरातनं हात पुसत आली. "कोण पडलं? काय झालं?" चित्र नव्हतं, गोष्ट ठाऊक नव्हती, तरी तिचा हात छातीवर गेला होता. मग मला ओळीनं शिव्या बसल्या, त्या इथं लिहीत नाही.

आवाजाचं काम कसं चालतं ते एडिटिंगच्या टाइमलाइनवर उघडं दिसतं. खाली एक जाड, घुमणारा सूर अंथरलेला असतो. त्याला ड्रोन म्हणतात. तो ऐकू येतो असं म्हणवत नाही, पण काढून टाकला की खोली एकदम रिकामी वाटते. त्याच्यावर रायझर, म्हणजे हळूहळू चढत जाणारा आवाज. रॉजर शेपर्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1964 मध्ये एक चमत्कारिक सूर दाखवून दिला. एका सप्तकाच्या अंतरानं अनेक सूर एकावर एक रचायचे, वरचे विझवत न्यायचे आणि खालून नवे आणत राहायचं. कानाला वाटतं, सूर चढतोय, चढतोय, चढतोच आहे. प्रत्यक्षात तो कुठंच पोचत नाही. भीतीच्या धंद्यात याच्याइतकी कामाची वस्तू दुसरी नसेल.

मग येतो फाटलेला आवाज. डॅनियल ब्लूमस्टाइन हे अमेरिकेतले प्राणिशास्त्रज्ञ मार्मोट या डोंगरी खारींवर काम करतात. मार्मोटची पिल्लं पकडली की जे किंचाळतात, तो आवाज सरळ नसतो, गळ्याच्या ताकदीबाहेर गेल्यामुळं चिरफाळलेला असतो. 2010 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभरेक सिनेमांतले आवाज तपासले, तर भयपटांत असलेच चिरफाळलेले आवाज जास्त आढळले. संगीतकारांनी काही मार्मोट पाळलेले नव्हते. व्हायोलिनच्या तारेवर गज कितपत दाबला की ऐकणाऱ्याचं अंग शहारतं, हे त्यांना ऐकून-ऐकूनच कळलं होतं.

आणि शेवटी शांतता. रायझर टोकाला गेला की सगळं एकदम कापायचं. पडदा काळा. दहा-बारा फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, काहीच नाही. मग दणका. त्या दणक्याला स्टिंगर म्हणतात. आपला एका फ्रेमचा हिशेब सेकंदाच्या पंचविसाव्या भागाचा. अचानक मोठा आवाज झाला की डोळ्याची पापणी एक-दोन फ्रेममध्येच मिटायला लागते. मेंदूनं 'काय आहे ते' असं विचारायच्या आत शरीर दचकून मोकळं झालेलं असतं. म्हणजे दणक्याबरोबर जो चेहरा पडद्यावर येतो, तो येतो तेव्हा आपण डोळे मिटायच्या घाईत असतो. तरीही लोक त्या चेहऱ्याचं वर्णन दहा मिनिटं करतात. बरं, नुसत्या दणक्यानं एवढं दचकायला होत नाही. माणूस आधीच धास्तावलेला असेल तर तोच आवाज त्याला जास्त हलवतो. ट्रेलरची पहिली सव्वा मिनिट त्याच मशागतीत जाते.

अमेरिकेतल्या ट्रेलरवाल्यांची एक गंमत. तिकडं ट्रेलर फार कर्कश झाले म्हणून प्रेक्षक करवादले, तेव्हा त्या धंद्यातल्या लोकांनी आवाजाला 85 डेसिबलची मर्यादा घालून घेतली. पण ती मर्यादा पूर्ण ट्रेलरच्या सरासरीची. मग काय, हुशार माणूस आधी भरपूर शांतता ठेवतो आणि वाचवलेला आवाज शेवटच्या दणक्यात उधळतो. कुजबुज, घड्याळाची टिकटिक, रिकामा जिना हे सगळं कलात्मक दिसतं खरं, पण त्यामागं थोडी हिशेबवहीही असते. आपल्याकडं अशी काटकसर दिसत नाही. मुलांचा पिक्चर बघायला नातवंडांना घेऊन आलेल्या एका आजोबांना मी मल्टिप्लेक्समध्ये कानावर हात ठेवून बसलेलं बघितलंय. भयपटाचा ट्रेलर होता, आणि त्यात पहिल्या सेकंदापासून नुसता दणदणाट. एवढा दणदणाट झाल्यावर कुणी घाबरत नाही, डोकं तेवढं दुखतं.

जुन्या ट्रेलरांकडं बघितलं की लाज वाटावी इतका त्यांचा संयम असतो. 1960 मध्ये 'सायको'च्या ट्रेलरमध्ये हिचकॉक स्वतः सहा मिनिटांहून जास्त वेळ मोटेलचा सेट फिरवून दाखवतो. घर विकायला काढलेल्या दलालासारखा, गोड बोलत. इथं असं झालं, तिथं तर बघवत नाही, असं अर्धवट बोलून वाक्य सोडून देतो. शेवटी न्हाणीघराचा पडदा सरकवतो आणि बाई किंचाळते. ती बाईसुद्धा सिनेमात तिथं असलेली नटी नव्हे, दुसरीच, टोप घातलेली! 1979 च्या 'एलियन'च्या ट्रेलरमध्ये एकही संवाद नाही. 'द शायनिंग'च्या टीझरमध्ये तर एकच दृश्य: लिफ्टची दारं, आणि त्यातनं येणारा रक्ताचा लोंढा. कॅमेरा जागचा हलत नाही.

माझ्या हिशेबी सगळ्यात घट्ट विणलेला ट्रेलर 2013 च्या 'द कॉन्ज्युरिंग'चा. घरातली मुलं टाळी वाजवून लपंडाव खेळतायत. ज्याच्यावर राज्य आहे त्याच्या डोळ्यांवर पट्टी, आणि त्यानं मागितली की लपलेल्यानं टाळी द्यायची. पुढं आई तळघराच्या जिन्यावर काडी ओढून बसलीय आणि तिच्या खांद्याशेजारी अंधारातनं दोन हात येऊन टाळी देतात. बस्स. हात तसे साधेच. पण खेळाचा नियम आपल्याला आधी समजावून दिलेला आहे, म्हणून टाळी यायच्या आधीच आपण तिची वाट बघायला लागतो.

ही वाट बघण्याची गोष्ट आम्हा कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको. जुलै-ऑगस्टात पाऊस लागला की फोनवर पंचगंगेच्या पाण्याचे मेसेज सुरू होतात: राजाराम बंधारा, पाणीपातळी अमुक फूट अमुक इंच. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला पुन्हा तसंच. पाणी घरात शिरलं त्या दिवशी घाबरायला सवड नव्हती, गाद्या माळ्यावर टाकायच्या होत्या. भीती त्याच्या आदल्या रात्री होती. दर तासाला एक मेसेज. 41 फूट 2 इंच. 41 फूट 6 इंच. बाहेर पाऊस थांबलेला, रस्ता कोरडा, आणि आकडा मात्र चढतोय. कुठल्या खुणेला पोचल्यावर काय होणार ते ठाऊक आहे, आणि त्या खुणेपर्यंतचं अंतर इंचाइंचानं कमी होतंय. चांगला ट्रेलर आपल्याला अशी एक खूण आधी देऊन ठेवतो. ज्याला ते जमत नाही तो नुसता स्पीकर फोडतो.

हे मला एरवी इतकं उलगडून सांगता आलं नसतं. भाचा शॉर्ट फिल्म घेऊन आला म्हणून सांगता येतंय. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मित्रांना गोळा करून शिवाजी पेठेतल्या एका जुन्या वाड्यात शूटिंग केलंय. गोष्ट बरी होती. सुट्टीला आलेला एक मुलगा वाड्यात एकटाच लपंडाव खेळतो. खांबाला तोंड लावून आकडे म्हणतो, आणि एके दिवशी त्याच्याबरोबर आणखी कुणीतरी आकडे म्हणायला लागतं.

"मामा, पिक्चर राहू दे, आधी ट्रेलर मारू. पब्लिक तापवायचं."

त्यानं स्वतः जोडलेला ट्रेलर मला दाखवला. पांढऱ्या साडीतली बाई, ढगांचा गडगडाट, बाई, वटवाघूळ, पुन्हा बाई. खाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच धडामधूम.

"ही बाई गोष्टीत कुठं आहे?"

"नाही. पण लोकांना पाहिजे असती की."

"मग लोकांना दुसरीकडं मिळंल. तुझ्याकडं तो खांब आहे न्हवं?"

दोन रात्री आम्ही कापत बसलो. बाई गेली, वटवाघूळ गेलं. राहिला खांब, त्याला चिकटलेली पोराची पाठ आणि आकडे. एक. दोन. तीन. मध्ये वाड्यातले रिकामे कोपरे: जातं, माजघराचा उंबरा, दिवळीतली काजळी. चारपासून दुसरा आवाज येतो, पोराच्या आवाजाखाली, इतका हळू की आधी वाटतं वाड्यात घुमतंय. सहाला तो पोराच्या किंचित पुढं जातो. दाराची करकर इंटरनेटवरनं घ्यायची नाही असं मी बजावलं होतं, कारण ती परदेशी दाराची असते, तिला आपल्या बिजागरीचा आवाज नाही. आमच्या गल्लीतल्या एका दिंडी दरवाजाला दुपारी फोन लावून आम्ही ती रेकॉर्ड केली. वाटेत एक बाई धुणं घेऊन थांबल्या. म्हणाल्या, तेल घाला की त्याला, फोटो काय काढताय.

आता खूण सगळ्यांना ठाऊक आहे. दहा म्हणून झालं की मागं वळायचं. आठला संगीत बंद केलं. नऊला पोराचा आवाज थांबतो आणि 'नऊ' एकटा दुसराच आवाज म्हणतो. काळा पडदा. शीर्षक. दहा कुणीच म्हणत नाही.

"आणि दणका?" भाच्यानं विचारलं.

"नाही."

"एकपण नाही? मामा, काय राव. माणूस खुर्चीतनं उडाला पाहिजे."

"उडंल की. आणि खाली बसल्यावर हसंल. मग संपलं."

हसण्याची मला खरोखरच धास्ती आहे, कारण आमच्या गावचं पब्लिक मला ठाऊक आहे. सिंगल स्क्रीनमध्ये भयपट लागला आणि नायिका मेणबत्ती घेऊन जिना उतरायला लागली, की बाल्कनीतनं हमखास आवाज येतो, "आधी लाइट लाव की गं बाई!" झालं. ज्या अर्ध्या सेकंदाच्या शांततेसाठी अमेरिकेत कुणीतरी महिनाभर खपलेला असतो, त्यात आमचा गडी आपला डायलॉग टाकून मोकळा होतो. कारण सरळ आहे, शांतता सहन होत नाही. घाबरलेला माणूसच पहिल्यांदा विनोद करतो. 2018 चा 'स्त्री' आणि 2024 चा 'मुंज्या' यांनी तो विनोद पब्लिकवर न सोडता स्वतःच पडद्यावर आणला, आणि त्यांची तिकिटंही खपली. 2009 मध्ये 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'च्या ट्रेलरनं नेमकं याच्या उलट केलं. त्यात पिक्चरपेक्षा थेटरातलं अंधारातलं पब्लिकच जास्त दाखवलं. लोक दचकतायत, एकमेकांच्या खांद्यात तोंड खुपसतायत. दुसरा घाबरलेला दिसला की आपण घाबरायला अर्धे तयार असतो. तो ट्रेलर आमच्या बाल्कनीत शूट केला असता तर लोक काय करताना दिसले असते, ते सांगायला नको.

म्हणूनच भयपटाच्या ट्रेलरची खरी जागा आता फोन ही आहे. दिवे मालवलेली खोली, कानात हेडफोन, विनोद करायला शेजारी कुणी नाही. थेटरात ट्रेलरच्या आधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट झळकतं. तेवढ्यात माणूस सावरून बसतो. फोनवर तीही सवलत नाही. बोट सरकवता सरकवता तो पुढ्यात येतो.

माझ्या या सगळ्या बोलण्यात एक खोच आहे, ती भाच्यानंच काढली. 'तुंबाड' 2018 ला आला तेव्हा फारसा चालला नाही. 2024 च्या सप्टेंबरात पुन्हा लावला, तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. तोपर्यंत त्यातल्या देवीच्या पोटात काय दडलंय, हस्तर नावाचं ते भूत कसं दिसतं, हे बघायचं काहीच राहिलं नव्हतं. "मामा, न दाखवण्यातच भीती असती तर सगळं म्हाईत असलेली माणसं परत का आली?" यावर माझ्याकडं अर्धंच उत्तर आहे. तिथं लोक भुतासाठी गेले नव्हते, त्या पावसासाठी आणि त्या हावरटपणासाठी गेले होते, आणि ते ट्रेलरच्या अडीच मिनिटांत मावत नाही. पिक्चर चांगला असेल तर दार सताड उघडूनही माणूस आत थांबतो. तसे पिक्चर थोडे असतात, म्हणून मी ट्रेलर बघतो.

भाच्याचा ट्रेलर गणपतीच्या आधी टाकला. कॉलेजच्या पोरांनी तो इकडून तिकडं बराच फिरवला. आत्तीला ऐकवला तेव्हा ती सातलाच म्हणाली, "बंद कर ते." माझ्या दृष्टीनं तेवढं बक्षीस पुरे आहे. पण आता जो तो भाच्याला एकच विचारतोय, दहाला काय होतं? आणि दहाला काय होतं ते त्याचं त्यालाच अजून ठरवता आलेलं नाही. शेवट तीन लिहिलेत, एकात आजोबा निघतात, एकात तो पोरगाच भूत असतो, तिसऱ्यात पुन्हा ती पांढरी साडीवाली बाई हळूच घुसवलीय. मी म्हणतो, तिन्ही काढून टाक आणि खांबावरच थांब. तो म्हणतो, अठरा मिनिटं बसवून लोकांना काहीच दाखवलं नाही तर मारतील. त्याचंही खरं आहे. भांडण मिटेल तेव्हा मिटेल, पण खांबाला तोंड लावणारा तो पोरगा यंदा नववीत गेला आणि त्याचा आवाज फुटायला लागलाय. शेवट कुठलाही ठरो, डबिंग दिवाळीच्या आत उरकलं पाहिजे.